गच्चीवरची वीज आणि करपावतीतली सूट

पुण्यात ३१ मेच्या आत मिळकतकर भरला की सर्वसाधारण करात सूट मिळते. वार्षिक करपात्र रक्कम २५ हजारांपर्यंत असेल तर १० टक्के, त्यापुढे ५ टक्के. त्याच पुण्यात कुणी पदरचे दीड-दोन लाख घालून गच्चीवर सौर पॅनल बसवले, तर त्यालाही सर्वसाधारण करात सूट मिळते, तीही ५ टक्केच. सोबत गांडूळखत किंवा पर्जन्यजल संधारण यांपैकी काही असेल, तर १०. थोडक्यात, वेळेवर पैसे भरणारा आणि स्वतःची वीज स्वतः तयार करणारा, दोघांना पालिका एकाच मापाने मोजते.

ही सूट ऐकायला बरी वाटते, कारण ऐकणाऱ्याच्या मनात संपूर्ण बिल असतं. प्रत्यक्षात मिळकतकराच्या बिलात सर्वसाधारण कराच्या जोडीला सफाईपट्टी, जलनिस्सारण, वृक्षकर आणि राज्य सरकारचा शिक्षण कर अशी लांबलचक रांग असते. सूट फक्त पहिल्या ओळीवर मिळते. समजा एखाद्या घराचं वर्षाचं बिल १२ हजार रुपये आहे आणि त्यात सर्वसाधारण कर ५ हजारांचा आहे. पाच टक्क्यांनी वर्षाला २५० रुपये वाचले. त्यासाठी अर्ज, फोटो, दाखला आणि क्षेत्रीय कार्यालयाची किमान एक फेरी. रिक्षाचं भाडं वजा केलं तर हाती काय उरतं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

ही सवलत मुळात पॅनलसाठी आखलेलीच नव्हती. ती पाणी तापवणाऱ्या सौर बंबांच्या काळातली आहे. ठाणे, अमरावती, नागपूर या महापालिकांनी सौर बंब बसवणाऱ्यांना मालमत्ता करात ६ ते १० टक्के सूट देऊ केली होती, आणि तेव्हा ती शोभतही होती. बंब तुलनेने स्वस्त होता, त्याने सकाळचा गिझर बंद व्हायचा आणि कराच्या सवलतीतून खर्चाचा थोडा तरी वाटा निघायचा. पुढे बंबाची जागा विजेच्या पॅनलने घेतली आणि खर्च कितीतरी पटींनी वाढला. सवलतीचा आकडा मात्र आहे तिथेच राहिला. शिवाय सूट एकदा लागू झाली की यंत्रणा चालू आहे की बंद, हे बघायचं कुणी? पुणे पालिकेने मध्यंतरी तपासणी सुरू केली, तेव्हा अनेक ठिकाणचे प्रकल्प बंद पडलेले आढळले. सूट चालू आणि बंब गंजलेला, हे दृश्य पुणेकरांना नवं नाही.

गच्चीवरच्या विजेला खरा हात मिळतो तो दिल्लीतून आणि वीजबिलातून. महापालिका या सगळ्यात कुठेतरी कडेला उभी आहे. तिने कडेला का राहावं, हा प्रश्न पुढे येईलच. आधी पैसा कुठून येतो ते पाहू.

पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना १३ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाली. ७५,०२१ कोटींची तरतूद, एक कोटी घरांचं लक्ष्य, मुदत २०२६-२७ पर्यंत. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, असं जास्तीत जास्त ७८ हजारांचं अनुदान. तीन किलोवॅटच्या वर कितीही पॅनल लावले तरी अनुदानाचा आकडा हलत नाही. आधीच्या योजनेत सुरुवातीला सवलत टक्क्यांत होती आणि ग्राहकाला तिचा हिशेब लागत नसे. आता आकडा थेट रुपयांत सांगितला जातो आणि पैसे थेट खात्यात जमा होतात. ही सुधारणा खरी आहे. एक मोठी अट आहे: पॅनल भारतीय बनावटीचे हवेत. ते आयात पॅनलपेक्षा महाग पडतात, त्यामुळे अनुदानाचा काही भाग ग्राहकाच्या हातून कारखानदाराकडे जातो. देशी उद्योग उभा करायचा म्हणून हे मान्य केलं, तरी ७८ हजार संपूर्ण आपलेच, असा समज करून घेऊ नये.

दुसऱ्या बाजूला जीएसटी. ऑक्टोबर २०२१ मध्ये सौर साहित्यावरचा कर ५ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर गेला. बसवण्याच्या एकत्रित कंत्राटात ७० टक्के माल आणि ३० टक्के सेवा धरतात, सेवेवर १८ टक्के. म्हणजे ग्राहकाच्या अंगावर १३.८ टक्के. पावणेदोन लाखांच्या कामावर हा कर २४ हजारांच्या वर जात होता. सरकार एका खिशातून ७८ हजार देत होतं आणि दुसऱ्या खिशात २४ हजार परत घेत होतं, आणि हे जवळपास चार वर्षं चाललं. २२ सप्टेंबर २०२५ पासून साहित्यावरचा दर पुन्हा ५ टक्के झाला, एकूण भार ८.९ टक्क्यांवर आला. याच कामावर साडेआठ हजार रुपये वाचले. पुण्याच्या मिळकतकरातली आपली २५०ची सूट एवढी रक्कम द्यायला ३४ वर्षं घेईल.

आयकरात घरमालकाला काहीच नाही. व्यावसायिकांना सौर यंत्रणेवर ४० टक्के घसारा मिळतो (२०१७ पूर्वी तो ८० टक्के होता), पण स्वतःच्या राहत्या घरावर पॅनल लावणाऱ्या नोकरदाराला त्या खर्चाची वजावट कुठल्याही कलमात नाही.

आता वीजबिल. सगळ्यात मोठी सवलत याच कागदावर आहे, आणि तिची जाहिरात कुणीच करत नाही.

महावितरणचे २०२४-२५ चे घरगुती दर धरू. वहन आकारासह पहिले १०० युनिट ५.८८ रुपयांनी, १०१ ते ३०० युनिट ११.४६ने, ३०१ ते ५०० युनिट १५.७२ने आणि त्यापुढचं प्रत्येक युनिट १७.८१ने. स्थिर आकार महिन्याला साधारण १३० रुपये. या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क, जे राज्य सरकारच्या तिजोरीत जातं. इंधन समायोजन बाजूला ठेवू. महिन्याला ३०० युनिट वापरणाऱ्या घराचं बिल ३,४९० रुपयांच्या आसपास येतं. एक किलोवॅट पॅनल दिवसाला सरासरी चार युनिट देतात. दोन किलोवॅट लावले तर महिन्याला २४० युनिट तयार झाले, विकत घ्यायचे ६० उरले, आणि बिल ५६० रुपयांवर आलं. महिन्याला २,९०० रुपयांहून जास्त बचत. वर्षाला ३५ हजार. अनुदान वजा जाता जो खर्च उरतो तो दोनेक वर्षांत वसूल.

यातली गंमत शुल्काची आहे. ६० युनिटच्या बिलावर १६ टक्के आणि ३०० युनिटच्या बिलावर १६ टक्के यांत महिन्याला चारशे रुपयांचा फरक पडतो, वर्षाला पावणेपाच हजारांहून थोडा जास्त. राज्य सरकार हा कर घरगुती सौर ग्राहकाला गुपचूप माफ करतं, कारण जे युनिट विकत घेतलंच नाही त्यावर शुल्क लागणार कुठून? शासन निर्णय नाही, अर्ज नाही, फेरी नाही. पालिकेची सूट दहा टक्क्यांची असली तरी या रकमेच्या जवळपास येत नाही.

पण याच गणितात एक तिरपेपणाही आहे. सौर यंत्रणा बिलाचा वरचा स्लॅब आधी कापते. ६०० युनिट वापरणारं बंगल्यातलं कुटुंब तीन किलोवॅट लावतं, तेव्हा त्याचे १७.८१ आणि १५.७२ रुपयांचे युनिट वाचतात. महिन्याला साडेसहा हजार, वर्षाला सुमारे ७८ हजार. केंद्राच्या कमाल अनुदानाचा आकडा तोच आहे. हे कुटुंब अनुदान नसतं तरी पॅनल लावणार होतंच. अडीच-तीन वर्षांत पैसे परत देणारी दुसरी गुंतवणूक त्याला कुठे मिळणार? उलट ९० युनिट वापरणाऱ्या घराचा प्रत्येक वाचलेला युनिट ५.८८ रुपयांचा. शुल्क धरून महिन्याला ६१४ रुपये. हेच घर अनुदानाशिवाय यात पडलं तर पैसे वसूल व्हायला सहा-सात वर्षं, आणि हातात रोख कुठे? दोघांना प्रति किलोवॅट सारखंच अनुदान देणं म्हणजे ज्याला गरज नाही त्याचा वेग वाढवणं आणि ज्याला गरज आहे त्याला दारातच थांबवणं.

महाराष्ट्र सरकारने २०२५च्या ऑक्टोबरमध्ये मंजूर केलेल्या ‘स्मार्ट’ योजनेत ही चूक काही प्रमाणात सुधारली आहे. महिन्याला १०० युनिटच्या आत वापर असलेल्या पाच लाख घरांसाठी ती आहे, तरतूद ६५५ कोटींची. एक किलोवॅटचा खर्च ५० हजार धरला आहे. केंद्राचे ३० हजार, आणि राज्याचे दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला १७,५००, अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला १५ हजार, इतरांना १० हजार. दारिद्र्यरेषेखालच्या घराला स्वतःचे भरावे लागतात फक्त अडीच हजार. गृहीतक हिशेबी आहे आणि त्यात दानधर्म कमी, व्यवहार जास्त. खालच्या स्लॅबची वीज महावितरण तोट्यात विकतं आणि तो तोटा वरच्या स्लॅबवाल्यांकडून आणि कारखान्यांकडून भरून काढतं. वरच्या स्लॅबवाले पॅनल लावून बाहेर पडू लागले की भरून काढणारे कमी होतात. खालच्या स्लॅबवाल्यांच्या छपरांवर पॅनल गेले की भरून काढायचंच कमी होतं. वीज कंपनीचं हित आणि गरिबाचं हित एका रेषेत येण्याचा असा योग क्वचित येतो. अडचण छपराची आहे. पत्र्याच्या, कौलारू किंवा तीन भावांत वाटणी झालेल्या घरावर शंभर चौरस फुटांची मजबूत, सावलीविरहित जागा मिळणं सोपं नाही, आणि नेमकी याच घरांत ती कमी असते.

गुजरात घरगुती सौरऊर्जेत देशात पहिला आहे आणि महाराष्ट्र दुसरा. गुजरातने २०१९ पासूनच स्वतःची घरगुती सौर योजना राबवली. तिथे वेंडरचं जाळं आणि लोकांची सवय दोन्ही आधी तयार झालं. उत्तर प्रदेश केंद्राच्या वर प्रति किलोवॅट १५ हजार, कमाल ३० हजार देतो. दिल्लीने वेगळा रस्ता धरला. तिथे बसवल्याबद्दल पैसे मिळतातच, पण तयार झालेल्या प्रत्येक युनिटलाही पाच वर्षं पैसे मिळतात, तीन किलोवॅटपर्यंत युनिटमागे ३ रुपये आणि पुढे दहापर्यंत २ रुपये. मला हा प्रकार सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. बंद पडलेल्या पॅनलला पैसे मिळत नाहीत, म्हणून मालक ते पुसतो, इन्व्हर्टरचा लाल दिवा लागला की वेंडरला फोन करतो. पुण्यातल्या गंजलेल्या बंबांची गोष्ट दिल्लीच्या पद्धतीत घडूच शकत नाही.

वीजबिलातली सवलत मोठी आहे खरी, पण तिचा पाया नेट मीटरिंगच्या नियमावर आहे आणि नियम बदलता येतो. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २०१५ मध्ये पहिले नियम केले, २०१९च्या अखेरीस नवे. दिवसा ग्रिडमध्ये सोडलेलं युनिट रात्री घेतलेल्या युनिटमधून वजा होतं, शिल्लक पुढच्या महिन्यात जाते, आणि ३१ मार्चला उरलेलं युनिट ठरलेल्या दराने वीज कंपनी विकत घेते. हा दर तुम्ही भरता त्या दरापेक्षा बराच कमी असतो, म्हणून गरजेपेक्षा जास्त पॅनल लावून विजेचा धंदा करू पाहणाऱ्यांची निराशा होते. बिलावर आयात, निर्यात आणि मागील शिल्लक असे रकाने येतात. ते वाचायला पहिले दोन महिने लागतात, मग घरातली माणसं हवामान खात्यापेक्षा जास्त बारकाईने ढग बघू लागतात.

वीज कंपनीची तक्रार अशी, की स्वस्ताईत आणून टाकलेलं धान्य महागाईत मापट्याला मापटं परत मागितलं जातं. तक्रारीत तथ्य आहे. दुपारी राज्यात सौरवीज भरपूर, शिवाय मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात शेतीसाठी १६ हजार मेगावॅटची भर पडते आहे. संध्याकाळी सातला पॅनल झोपलेले, मागणी शिखरावर आणि वीज महाग. २०२५च्या सुरुवातीला महावितरणने पुढच्या पाच वर्षांच्या दरांचा प्रस्ताव मांडला तेव्हा सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत सोडलेली वीज कोणत्या वेळच्या वापरातून वळती करायची, हा वाद पेटला. ग्राहक संघटना आणि सौर व्यावसायिकांनी सुनावण्यांत जोरदार हरकती घेतल्या. मग २८ मार्चचा आदेश, लगेच त्याला स्थगिती, २५ जूनचा फेरआदेश, पुढे न्यायालय. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला ९ ते ५ या वेळेत युनिटमागे ८० पैसे ते एक रुपया सवलत जाहीर झाली. पॅनल नसलेल्यासाठी ती चांगली बातमी आहे. पॅनल असलेल्यासाठी तिचा अर्थ उलटा: तो जे युनिट तयार करतो, त्याची किंमत बाजारात कमी झाली.

माझ्या मते वेळेनुसार दर येणारच, आणि यायलाही हवेत. पण दोन लाख गुंतवलेल्या माणसाला मध्येच नियम बदलून दाखवणं हे वाईट धोरण आहे. पॅनल २५ वर्षं चालतात, दराचा आदेश पाच वर्षांचा असतो. या दोन मुदतींमधली वीस वर्षं ग्राहकाने कशाच्या भरवशावर काढायची? जुन्या ग्राहकाला जुना नियम ठरावीक वर्षं लागू राहील असं लेखी वचन द्यावं आणि नव्याला नवा नियम सांगून मगच पॅनल विकावेत. कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२३ मध्ये नेट मीटरिंगचा लाभ कापला, तेव्हा आधीच्या ग्राहकांना जुन्याच नियमात ठेवलं.

अमेरिकेतल्या मराठी वाचकांना मालमत्ता कराचा मुद्दा वेगळ्या अंगाने ओळखीचा असेल. तिथे घराच्या बाजारभावावर कर असतो आणि पॅनलने भाव वाढतो, म्हणून कर वाढू नये यासाठी सूट. मराठी माणसं मोठ्या संख्येने असलेल्या न्यू जर्सीत सौर यंत्रणेची वाढीव किंमत मालमत्ता करातून वगळली आहे, विक्रीकरही नाही. संघराज्याची ३० टक्के आयकर सूट मात्र घरमालकांसाठी २०२५च्या अखेरीस संपली. आपल्याकडे कर भाड्याच्या अंदाजावर किंवा मुंबईसारखा भांडवली मूल्यावर, त्यामुळे पॅनलने बिल वाढत नाही. आपली भीती निराळी आहे. पॅनलखाली उभं राहता यावं, कपडे वाळत घालता यावेत म्हणून लोक लोखंडी सांगाडा उंच करतात, आणि मग तो पालिकेला वाढीव शेड वाटतो. वेंडर ‘काही होत नाही’ म्हणतो आणि नोटीस घरमालकाच्या नावाने येते. सांगाड्याची किती उंची चालेल हे पालिकेने ठळक मराठीत एका पानावर छापलं तर पाच टक्के सवलतीपेक्षा जास्त घरांना उपयोग होईल.

शहरात बहुतेक लोक सोसायटीत राहतात. गच्ची सगळ्यांची, म्हणजे निर्णय सर्वसाधारण सभेचा. तिथे वरच्या मजल्यावरचे गळतीचं काढतात, खालच्या मजल्यावरचे लिफ्ट वापरत नसल्याचं. तरी सोसायट्या पुढे येत आहेत, कारण लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांचं बिल थेट देखभाल खर्चात दिसतं. केंद्र सामायिक वापरासाठी प्रति किलोवॅट १८ हजार देतं. पण मिळकतकरातली सूट ही सदनिकाधारकाच्या नावावरच्या बिलात द्यायची असते आणि यंत्रणा संस्थेच्या नावावर असते; कागद जुळवताना सचिवाचा जीव मेटाकुटीला येतो. मुंबईत तर ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. तिथल्या छोट्या सदनिकाधारकाला सूट द्यायची तर कशात?

म्हणून महापालिकांनी या सवलतीचा नव्याने विचार करावा. सूर्यघर योजनेत केंद्र स्थानिक स्वराज्य संस्थांना त्यांच्या हद्दीत बसलेल्या प्रत्येक घरामागे १,००० रुपये प्रोत्साहन देतं. पालिका आपल्या नागरिकाला वर्षाला दोन-अडीचशे देते. केंद्राकडून येणारा पैसा सोसायट्यांच्या गच्च्यांची बांधकाम तपासणी आणि जलरोधनाचा सल्ला यासाठी वळवता येईल. सूट चालू ठेवायचीच असेल, तर निरीक्षक पाठवायची गरज नाही. महावितरणकडे प्रत्येक नेट मीटरच्या निर्यातीचा आकडा दरमहा असतो. निर्यात शून्य असेल, तर पुढच्या वर्षी सूट शून्य. दोन संगणकांनी एकमेकांशी बोलायचं, एवढंच. ग्रामपंचायती यात पुढे आहेत. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातल्या मान्याचीवाडीने राज्यातलं पहिलं सौरग्राम होऊन दाखवलं, आणि केंद्राच्या आदर्श सौरग्राम स्पर्धेत जिल्ह्यातल्या विजेत्या गावाला एक कोटी रुपये मिळतात.

भाडेकरूचा विचार मात्र यांतल्या एकाही योजनेने केलेला नाही. पुण्या-मुंबईत लाखो लोक भाड्याने राहतात. मिळकतकर मालक भरतो, वीजबिल भाडेकरू. मालकाने पॅनल लावले तर महिन्याची बचत भाडेकरूच्या खिशात जाते आणि मालकाच्या वाट्याला येते ती ५ टक्के सूट. भाडेकरूने लावायचे म्हटलं तर अकरा महिन्यांच्या करारावर पंचवीस वर्षांचे पॅनल कोण लावेल? दिल्लीच्या विद्युत नियामक आयोगाने २०१९ मध्येच एका ठिकाणच्या पॅनलची वीज अनेक मीटरच्या बिलांत वाटून देण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्या पद्धतीत शहराच्या टोकाला असलेल्या सामायिक प्रकल्पात दोन किलोवॅटचा वाटा घेता येतो आणि घर बदललं की तो वाटा नव्या मीटरला जोडता येतो. छप्पर नसलेल्या माणसालाही सूर्याचा हिस्सा मागता येईल, अशी ही एकच वाट सध्या दिसते, आणि तिच्यावर मालमत्ता कर कुणाचा, हा प्रश्नच येत नाही.